तिसऱ्या दारासमोरची बादली

ओकारीची मला किळस येत नाही. साबणाच्या वासाची येते. असं म्हटलं की लोक हसतात, मावशीचं सगळंच उलटं म्हणतात. पण अकरा वर्षं त्या कारखान्यात बायकांचे संडास धुवून बघा, मग हसा. आमच्याकडे बाळांचा साबण बनतो. साबण, पावडर, अंगाला लावायचं तेल, सगळं बाळांचं. फाटकातून आत पाऊल टाकलं की तो गोड वास नाकात शिरतो, आणि घरी जाऊन जेवायला बसलं तरी घासाघासाला येतो. भिंतींवर जिकडेतिकडे गुबगुबीत बाळं आणि त्यांच्या हसऱ्या आया. त्या चित्रातल्या आयांना कधी घाम येत नाही, त्यांचे केस विस्कटत नाहीत, आणि त्यांच्या खांद्यावर बाळ कधी दूध ओकत नाही. रोज फडक्याने त्यांची तोंडं पुसायचं कामही माझंच.

मला सगळ्या मावशी म्हणतात. माझ्या सख्ख्या बहिणीला एकुलती एक मुलगी, ती मला सहा-सहा महिने फोन करत नाही, आणि इथे मात्र साठ भाच्या. पॅकिंगच्या हॉलमध्ये या साठजणी सहा टेबलांभोवती उभ्याने काम करतात. बसायचं नाही, बसलं की हात मंदावतात म्हणे. संडासाला जायचं तर टेबलामागे एकच लाल पट्टी आहे, ती गळ्यात अडकवून जायचं, म्हणजे अख्ख्या हॉलला कळतं ही बया कुठे निघाली ते. वेळ चार मिनिटं. सुपरवायझर भिंतीला टेकून मनगटाकडे बघत उभा असतो, म्हणून बायकांनी त्याचं नाव घड्याळ ठेवलंय. चाळिशीचा बाप्या, घरी दोन मुली, आणि दिवसभर काय मोजतो तर बायकांना लघवीला किती वेळ लागतो. त्याच्या बायकोला हे माहीत असेल का, असं मला नेहमी वाटायचं.

त्या चार मिनिटांतलं एक मिनिट कामाचं आणि तीन बोलण्याचं. खरं बोलणं जे काही व्हायचं ते माझ्या त्या ओल्या फरशीवर. कुणाच्या नवऱ्याने हात उगारला, कुणाची सासू दुधाच्या पातेल्याला कुलूप लावते, कुणाला पंधरा दिवस झाले तरी रक्त थांबत नाही आणि डॉक्टरकडे जायला सुट्टी मिळत नाही. एकीने सांगितलं होतं की तिला घरी सोडून कुठेही रडता येतं. मी कोपऱ्यात पोछा मारत ऐकायचे. मला कुणी लपवत नव्हतं, कारण माझ्यापासून लपवणार तरी काय? कचऱ्याला झाकणाचा डबा नव्हता म्हणून बायका रक्ताने भरलेली पॅडं कागदात गुंडाळून पाइपाच्या मागे कोंबायच्या, आणि ती ओढून काढायची मी. कोण जेवत नाही, कुणाला जुलाब आहेत, कुणाची पाळी चुकलीय, मला सगळं कळायचं. पण माझ्या तोंडून कधी काही फुटलं नव्हतं. त्याचा मला मोठा तोरा होता, हेही सांगून टाकते.

लेबलवाली त्या साठांतली एक. बाटल्यांवर लेबलं चिकटवायची, म्हणून लेबलवाली. तेवीस-चोवीसची असेल. हात असा सरळ की घड्याळसुद्धा तिच्या बाटल्या नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवायचा. एका सोमवारी कामाची घंटा होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि ती पट्टी घालून आली, सरळ तिसऱ्या दारात शिरली. पहिल्या दोन दारांच्या कड्या तुटलेल्या, म्हणून सगळ्यांचा ओढा तिसऱ्याकडे. आतून आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा मी तांब्या भरून उभी होते.

कितवा महिना, मी विचारलं. कसला महिना, ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, शिळं खाऊन झालेली ओकारी वेगळी आणि रिकाम्या पोटी पिवळं पाणी पडतं ते वेगळं, मला नको शिकवूस. तेव्हा ती माझी बादली पालथी घालून तिच्यावर बसली. नंतर म्हणाली, "मावशी, निळ्या कार्डाला एकोणीस दिवस राहिलेत. तेवढे निभवून न्या."

हे कार्डाचं प्रकरण सांगायला हवं. नवीन बाईच्या गळ्यात वर्षभर पिवळं कार्ड. वर्ष निभावलं की निळं. निळ्या कार्डाच्या बाईला बाळंतपणाची रजा मिळते, आणि ती परत येईपर्यंत टेबलावरची तिची जागा राखून ठेवतात. पिवळ्या कार्डाच्या बाईचं पोट कळलं की तिला आठवड्याच्या आत निरोप. कागदावर असं कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर लिहितात, कामाचा वेग कमी. बाळांचा साबण बनवणाऱ्या कारखान्यात बाळ पोटात असलेली बाई चालत नाही, ही गंमत माझ्याआधी कुणाच्या लक्षात आली नसेल असं नाही.

लेबलवालीला नवरा म्हणत होता, सोड काम, मी आहे ना. वाईट नव्हता तो. पण तिच्या थोरल्या बहिणीने असंच पहिल्या बाळाच्या वेळी काम सोडलं होतं, आणि आता तिला अंगाचा साबणसुद्धा नवऱ्याकडे मागून घ्यावा लागतो. मागितला की तो विचारतो, मागचा संपला कसा. लेबलवालीने हे मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. तिला मूलही हवं होतं आणि टेबलही, आणि दोन्हींच्या मधे फक्त एकोणीस दिवस होते.

मग आमचं ठरलं. आमच्या संडासाच्या भिंती छतापर्यंत जात नाहीत आणि बाहेरचं दार हॉलकडे उघडं, आतलं कण्हणं-कुंथणं दुसऱ्या टेबलापर्यंत ऐकू जातं. म्हणून ती आत शिरली की मी माझी पत्र्याची बादली वाजवायची. नळाखाली आपटायची, फरशीवरून फरफटायची, वर नळाला चार शिव्या हासडायच्या. तिचं उरकलं की ती आतून दोनदा दार ठोकायची, की माझं भांडण मिटलं. रोज सकाळी तीन वेळा. बायका म्हणायला लागल्या, मावशीचं डोकं फिरलं. घड्याळाने दारापर्यंत येऊन विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, नळ गळतोय, तुम्ही आत येऊन बघता का? तो गेला.

एका बाईला मात्र कळलं असावं. टोपणवाली, बाटल्यांना टोपणं बसवते, हॉलमधली सगळ्यांत जुनी. जीभ तिखट, पण मनाची खरी. तिने कुणाला काही विचारलं नाही. फक्त शेजारच्या तिच्या टेबलाच्या पट्टीची सकाळची पाळी ती लेबलवालीला द्यायला लागली, आणि स्वतः दुपारपर्यंत पाय आवळून उभी राहायची. पन्नाशीच्या बाईला ते किती जड जातं ते मला ठाऊक आहे.

चौदा दिवस राहिले असताना मोठ्या ऑफिसातून एक बाई आल्या. त्यांनी हॉलमध्ये फलक लावला, 'ती बोलेल, आपण ऐकू'. बायकांच्या आयुष्याबद्दल, अडचणींबद्दल मनमोकळा संवाद करायचा होता म्हणे. दोन आठवड्यांनी मोठा कार्यक्रम, त्याआधी एकेकीशी बोलणं. आवाज इतका गोड की पहिल्याच दिवशी बायकांनी साखरबाई नाव ठेवलं. सगळ्या तिच्यासमोर गेल्या आणि सगळं छान आहे म्हणून परत आल्या. बायका काही दुधखुळ्या नव्हत्या. दुधखुळी मी निघाले.

ती माझ्याकडे आली ते थेट संडासात, आणि नाकाला रुमाल न लावता. मला तिथेच ती आवडली. म्हणाली, मावशी, खरं तर तुम्हालाच सगळं माहीत. मला केबिनमध्ये नेलं, गादीच्या खुर्चीत बसवलं. अकरा वर्षांत मी त्या खुर्च्या पुसल्या होत्या, बसले कधी नव्हते. कपबशीत चहा आला. माझे गुडघे कसे आहेत ते तिने विचारलं. इथलं बोलणं या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही, असंही म्हणाली. मी कड्यांचं सांगितलं, झाकणाच्या डब्याचं सांगितलं, दुपारी पाणी जातं ते सांगितलं. ती लिहून घेत होती. माझ्या बोलण्याचं कुणी काही लिहून घेतंय हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

मग तिने वही मिटली आणि स्वतःचं सांगायला लागली. तिला दोन मुलं. दोन्ही वेळा सातव्या महिन्यापर्यंत ओकाऱ्या. एकदा म्हणे मोठ्या साहेबांच्या बैठकीतून पळत जाऊन ती जिन्यातल्या कुंडीत ओकली होती, आणि आठवडाभर त्या कुंडीसमोरून जाताना तिला लाज वाटायची. मी हसले, तीही हसली. एवढी शिकलेली बाई, तिचंही आपल्यासारखंच की, असं माझ्या मनात आलं. ती ओकारी खरी होती की नाही देव जाणे, पण तिने ती गळाला लावली आणि मी गिळली.

मी म्हटलं, "आमच्यातही एक पोरगी रोज ओकते. टेकायला जागा नाही, बिचारी माझ्या बादलीवर बसते."

"कोण हो?"

"नाव नाही सांगायची मी."

"नाव नकोच, मावशी. नाव सांगितलंत तरी मी ऐकणार नाही," ती म्हणाली. "मी फक्त तिच्यासाठी एक स्टूल ठेवायला सांगते. कुठल्या टेबलाशी ठेवू तेवढं सांगा."

आणि मी म्हटलं, "लेबलाच्या."

नाव सांगितलं नाही याचा मला अभिमान वाटत होता, बघा. चहा संपवून, बशी पुसून मी बाहेर आले ती एका पोरीचं भलं केलं म्हणून छाती काढून. लेबलाच्या टेबलाशी दहाजणी, त्यातल्या नऊ निळ्या कार्डाच्या, हा हिशेब माझ्या टाळक्यात त्या संध्याकाळपर्यंत आला नाही. घरी भांडी घासताना आला. हातातली कढई तशीच राहिली आणि मी तिथेच मोरीत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी स्टूल आलं. नवं कोरं, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. घड्याळाने ते लेबलाच्या टेबलाशी ठेवलं आणि म्हणाला, ज्या कुणाला गरज असेल तिने बसावं. कोण बसणार? दहाच्या दहाजणी ताठ उभ्या राहिल्या. त्या दिवशी लेबलवाली एकदाही पट्टी घेऊन आली नाही. दुपारी ती पांढरीफटक पडली आणि टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली, पण त्या स्टुलाला हात लावला नाही. घड्याळ बघत होता. मी दारातून घड्याळाकडे बघत होते, आणि हातात फिनेलची बाटली होती. आणखी दोन दिवस ती तशीच काढत राहिली.

आठ दिवस राहिले असताना घड्याळाने तिला बोलावून कागद दिला. कामाचा वेग कमी. जिच्या बाटल्या नमुना म्हणून दाखवायचे, तिचा वेग कमी. सही करून घेताना तो मेला तिला शुभेच्छा म्हणाला आणि वर आमच्याच साबणाचा एक डबा भेट दिला.

बायकांची कपाटं संडासाच्या भिंतीशीच, म्हणून ती सामान घ्यायला माझ्याकडे आली. जेवणाचा डबा, चप्पल, एक जुना स्वेटर. साबणाचा तो डबा तिने कचऱ्यात टाकला, मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलून पिशवीत घातला. मला म्हणाली, "मावशी, स्टुलाचं कुणी सांगितलं असेल?"

तिथे मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मला काय माहीत, असं म्हणून मी फडकं पिळत राहिले. ती म्हणाली, "तुम्ही तर सांगणार नाही. म्हणजे टोपणवालीनेच सांगितलं. तिलाच कळलं होतं." मी तरीही फडकं पिळत राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिले. तिने जाताना माझ्या पाया पडायला वाकायचं केलं, आणि मी तिला वाकू दिलं नाही, एवढीच काय ती लाज माझ्यात शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी मी साखरबाईच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, बाई, माझी चूक झाली, त्या पोरीचं नुसतं पोट बिघडलं होतं, मी मेली उगाच बोलले. तिने उठून माझा हात हातात घेतला. म्हणाली, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. अशा अवस्थेत दिवसभर उभं राहणं बरं का? तिच्याच भल्याचं झालं. शेवटी बाळ महत्त्वाचं." तिच्या हातांना आमच्या साबणाचा वास येत होता. मी विचारलं, ते इथलं बोलणं इथेच राहणार होतं त्याचं काय? ती म्हणाली, मी नाव कुठे कुणाला सांगितलं? आणि खरंच, तिने सांगितलं नव्हतं. तेवढ्यापुरती ती माझ्यासारखीच होती, ह्याची मला सगळ्यांत जास्त शिसारी आली. खाली येऊन मी तो हात फिनेलने धुतला, कातडी सोलवटली तरी वास जाईना.

हॉलमध्ये तोवर टोपणवालीचं जिणं नकोसं झालं होतं. भांडण नाही, काही नाही. बायकांना भांडायचीही गरज पडत नाही. तिच्या टेबलावर लाल पट्टी तिच्या हातात कुणी देईना, बाजूला ठेवून द्यायच्या. ती माझ्या फरशीवर आली की बोलणं बंद. एकीने नळाशी तोंड धुता धुता घरभेदी असा शब्द टाकला. टोपणवाली आरशात बघून केस सारखे करत होती. तिने ऐकलं, कंगवा खिशात घातला आणि गेली. मी तिथेच होते, पोछा हातात घेऊन. मला कोणीही काही विचारत नव्हतं आणि मी काहीही सांगत नव्हते. एवढे दिवस ज्या बंद तोंडाचा तोरा मिरवला, तेच बंद तोंड आता माझ्या कामी येत होतं. आपलीच आपल्याला ओकारी यावी असे ते दिवस.

कार्यक्रमाच्या दिवशी कँटीनमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. मागे तो फलक, समोर कॅमेरा, मोठ्या ऑफिसचे दोन साहेब. स्त्रीचं जगणं, तिच्यापुढची आव्हानं, तिचे अनुभव, असं साखरबाई बराच वेळ बोलल्या. मग माइक फिरायला लागला. सगळं छान आहे. आम्हाला इथे घरच्यासारखं वाटतं. एकीने कपाटाला कुलूप हवं म्हटलं, तर साहेबांनी इतक्या गंभीरपणे मान हलवली की जणू तिने राज्य मागितलं. टोपणवालीच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. साठ बायकांना खुर्च्या पुरत नव्हत्या, आठदहा जणी मागे उभ्या होत्या, तरी त्या दोन रिकाम्या.

माइक साखरबाईंनी स्वतः आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, मावशी आपल्या सगळ्यांच्या लाडक्या, त्या मोकळेपणाने बोलतील. त्या दोन खुर्च्या समोर दिसत होत्या.

मी म्हटलं, "अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं. खुर्चीत बसवून, चहा देऊन ऐकलं. आणि मी बोलले. लेबलवालीला दिवस गेलेत, ते मी बोलले. टोपणवालीने काही सांगितलेलं नाही. ती पोरगी ओकायची तेव्हा मीच बादली वाजवायचे आणि मीच जाऊन सांगितलं. स्टूल माझ्यामुळे आलं."

मला वाटलं, आता साहेब उठतील, ओरडतील, मला हाकलतील. तर साखरबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. किती प्रांजळ बोलल्या मावशी, असं म्हणाल्या, आणि साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांना बिस्किटं वाटली.

संध्याकाळी टोपणवाली हात धुवायला आली. मी समोर उभी राहिले, म्हटलं मार आता. तिने सावकाश हात धुतले, पुसले, आणि विचारलं, "खुर्ची मऊ होती का गं?" ती निघून गेली, आणि त्यानंतर ती माझ्याशी आजपर्यंत बोललेली नाही.

मला कामावरून काढलं नाही. उलट मी मागितलेलं सगळं आलं. तिन्ही दारांना नव्या कड्या, झाकणाचा डबा, दुपारी पाणी. पाइपामागे आता काही सापडत नाही. आणि महिन्याभराने एक चकचकीत फलक आला, आरशाच्या शेजारी चार स्क्रू मारून बसवला. त्यावर माइक घेतलेली मी, मोठ्ठं तोंड, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं.' पुढचं काही नाही. मी चमच्याने स्क्रू काढायला गेले तर चमचा वाकला. घड्याळ म्हणाला, मावशी, तुमचा फोटो आहे, रोज पुसत जा. हे तो लेबलाच्या टेबलाशी त्या स्टुलावर बसून म्हणाला. हल्ली तो तिथेच बसतो, त्याच्या पाठीला आराम पडतो म्हणे.

लेबलवाली मला एकदाच दिसली, बाजारातल्या दुकानात. पोट चांगलं वर आलेलं. नवरा पुढे उभा राहून सामान काढून घेत होता आणि ती त्याच्या मागे पिशवी धरून उभी होती. तिने काहीतरी हळूच सांगितलं. तो वळून म्हणाला, आत्ताच तर आणला होता. मग त्याने फळीवरून एक साबण उचलून पिशवीत टाकला. तिची नजर माझ्यावर पडली. कुणीतरी तिला सांगितलेलंच असणार, कारण तिने ओळख दाखवली नाही. तांदळाच्या पोत्यांकडे तोंड करून ती उभी राहिली, आणि मी काहीही न घेता दुकानातून बाहेर आले.

आता माझ्या फरशीवर कुणी बोलत नाही. येतात, उरकतात, जातात. चार मिनिटांची पट्टी दीड मिनिटात परत येते, घड्याळ फार खूश आहे. नव्या मुलींनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात, ती फलकावरची बाई, तिच्यासमोर तोंड उघडू नका. मावशी म्हणतात मला अजून. पण नुसतंच म्हणतात.

परवा सकाळी घंटा होऊन थोडाच वेळ झाला होता. एक नवी पोरगी, गळ्यात पिवळं कार्ड, पट्टी घालून जवळजवळ पळतच आली आणि तिसऱ्या दारात शिरली. तिन्ही दारांना कड्या आहेत आता, तरी तिसऱ्याच. मी आरशापलीकडच्या कोपऱ्यात होते, तिला दिसले नाही. आतून तो आवाज आला. मला चुकायचा नाही तो आवाज. पहिली कोरडी उबळ, मग दुसरी. दार हॉलकडे सताड उघडं आणि घड्याळ बाहेरच. माझ्या हातांनी मला विचारलंही नाही. मी बादली उचलली आणि नळाखाली आपटली, नळाला एक सणसणीत शिवी दिली.

आतला आवाज एकदम थांबला.

बाहेर कोण आहे ते तिला कळलं होतं. तिसरी उबळ आली तीही मला ऐकू आली, घशापर्यंत, तोंडापर्यंत आली, आणि मग तिने तोंड घट्ट दाबून धरलं. काय करतेय ते मला कळत होतं. मी म्हटलं, "अगं ओक, मी बादली वाजवते, कुणाला ऐकू जायचं नाही." मग आतून गिळल्याचा आवाज आला. एकदा, आणि थोडं थांबून परत एकदा.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि ओठ मिटलेले. मी तांब्या पुढे केला. तिने तो घेतला नाही. नळावर ओंजळभर पाण्याने ओठ तेवढे पुसले, चूळसुद्धा भरली नाही, की थुंकलेलं मला दिसेल.

"बरी आहे मी, मावशी," ती म्हणाली. "काही झालेलं नाही."

ती पट्टी सारखी करून हॉलमध्ये गेली. मी तिसऱ्या दारात जाऊन बघितलं. भांडं कोरडं होतं, पुसायला काहीच नव्हतं.